अकोल्याची नोट, अकोल्यातच रोख

हा या आठवड्याच्या एपिसोडचा मजकूर आहे. ज्यांचे इअरफोन हरवले, ज्यांचा डेटा संपला, किंवा ज्यांना माझा आवाज झेपत नाही, त्यांच्यासाठी. बोलताना जे "म्हणजे, म्हणजे" झालं ते काढलंय, बाकी जसं बोललो तसंच ठेवलंय.

विषय कुठून सुरू झाला ते आधी सांगतो. रात्री झोप येत नव्हती म्हणून मी अर्जेंटिनाच्या जुन्या नोटांबद्दल वाचत होतो. काहून वाचत होतो ते विचारू नका. तर तिथं एकोणिसाव्या शतकात गंमत अशी होती की देश एक, पण नोटा प्रांताप्रांताच्या. ब्युनोस आयर्स प्रांताची बँक १८२२ साली निघाली आणि तिनं कागदी नोटा काढल्या. चार वर्षांत, १८२६ मध्ये, ब्राझीलशी लढाई चालू असताना त्या नोटांच्या बदल्यात धातूचा पैसा देणंच बंद झालं. नोट हातात आहे, पण तिच्यामागं चांदीसोनं काही नाही. पुढं सान्ता फे, कोर्दोबा, एन्त्रे रिओस अशा प्रांतांतल्या बँकांनीही आपापल्या नोटा काढल्या. त्यातल्या कित्येक नोटांवर रक्कम होती ती बोलिव्हियाच्या चांदीच्या पेसोत! नोट अर्जेंटिनाच्या प्रांताची आणि हिशोब शेजारच्या देशाच्या नाण्यात. अख्ख्या देशाचं एकच नाणं ठरवणारा कायदा व्हायला १८८१ साल उजाडलं.

वाचून मी हसलो. म्हटलं, काय लोक आहेत राव. आणि मग त्याच रात्री, ब्रिटिश भारताच्या जुन्या नोटांची यादी चाळताना, ज्या गावांच्या नावानं नोटा निघायच्या त्यांची नावं वाचत गेलो. कलकत्ता, मुंबई, मद्रास, अलाहाबाद, लाहोर, कराची, कालिकत, नागपूर, अकोला.

अकोला?

मी उठून बसलो. आपलं अकोला. जिथं उन्हाळ्यात डांबर वितळते ते अकोला. लाहोर आणि कराचीच्या रांगेत, सरकारी नोटेवर. अमरावतीच्या पोट्ट्यांना सांगितलं तर त्यांना वाटलं मी थापा मारतोय. अमरावती विरुद्ध अकोला हे जुनं भांडण आहे, त्यात हा मुद्दा अकोल्याच्या बाजूनं जातो, म्हणून काही लोकांना तो आवडणार नाही. पण आहे तर आहे.

आता ही नोट काय होती, हे समजायला आधी तिच्या आधीचा पैसा बघू.

आपल्या वऱ्हाडात एक रुपया कधीच नव्हता, अनेक रुपये होते. हा मुलूख निजामाचा, त्यामुळं हैदराबादकडचे रुपये. शेजारी नागपूरकर भोसले, त्यामुळं नागपुरी रुपया. आणि मग कंपनीचा रुपया. सगळ्यांना रुपयाच म्हणायचं, पण चांदी कमीजास्त. म्हणून एक रुपया देऊन दुसऱ्या प्रकारचा घेतला की सराफ मधले काही पैसे कापून घ्यायचा. त्याला बट्टा म्हणतात. आजीच्या तोंडून "नावाला बट्टा लावला" ऐकलं असेल, तो हाच बट्टा. नाणं झिजलेलं असलं, परक्या टांकसाळीचं असलं, किंवा सराफाचा मूड नसला, की बट्टा.

आणि मोठी रक्कम लांब पाठवायची तर हुंडी. अमरावतीच्या पेढीवर पैसे भरायचे, एक कागद घ्यायचा, मिर्झापूरला किंवा मुंबईला त्या पेढीच्या माणसाला तो दाखवायचा, तिथं पैसे घ्यायचे. त्यासाठी पेढी जे कापायची ती हुंडणावळ. मिर्झापूर म्हणजे गंगेवरचं. रेल्वेच्या आधी आपला बराचसा कापूस बैलांच्या पाठीवर तिकडंच जायचा आणि तिथून नावेनं कलकत्त्याला. मुंबईकडं थेट कापूस पाठवायची सुरुवात १८२५-२६ मध्ये पेस्तनजी आणि विकाजी या पारशी सावकारांनी केली, असं वऱ्हाडच्या इतिहासात सांगतात. या घराण्याचं निजामाकडं एवढं देणं होतं की वऱ्हाडचा महसूल त्यांच्याकडं तारण पडला होता. आणि औरंगाबादच्या टांकसाळीत त्यांच्याच नावाचा "पेस्तनशाही" रुपया पडायचा. एका खाजगी सावकाराच्या नावाचं नाणं! आज एखाद्या ॲपनं स्वतःचा रुपया काढला असता तर आपण किती गहजब केला असता.

म्हणजे अर्जेंटिनावर हसायचं काही कारण नव्हतं.

१८५३ मध्ये निजामानं वऱ्हाड कंपनीच्या ताब्यात दिलं. विकलं नाही, दिलं नाही, कारभार सोपवला. कागदोपत्री मुलूख निजामाचाच, म्हणून इंग्रजांनी त्याला नाव ठेवलं हैदराबाद असाइन्ड डिस्ट्रिक्ट्स. पुढं दोन विभाग झाले, पूर्व वऱ्हाडचं ठाणं अमरावती आणि पश्चिम वऱ्हाडचं अकोला. हे लक्षात ठेवा.

मग १८५७ झालं. इंग्रज सरकारची तिजोरी रिकामी. लंडनहून जेम्स विल्सन नावाचा माणूस अर्थखातं सांभाळायला आला. "द इकॉनॉमिस्ट" हे साप्ताहिक काढणारा तोच. त्यानं मार्च १८६० मध्ये सरकारी कागदी चलनाची योजना मांडली आणि ऑगस्टमध्ये कलकत्त्याला हगवणीनं गेला. आठ-नऊ महिनेच राहिला इथं, पण आज खिशात जी नोट आहे तिची सुरुवात त्याच्या टेबलावर झाली. १८६१ चा पेपर करन्सी ॲक्ट झाला आणि १ मार्च १८६२ पासून नोटा काढायचा हक्क फक्त सरकारचा. त्याआधी बँक ऑफ बेंगाल, बँक ऑफ बॉम्बे, बँक ऑफ मद्रास या आपापल्या नोटा काढायच्या. त्यांचा तो धंदा बंद.

अर्जेंटिनाच्या त्या प्रांताची आणि आपली वाट इथं वेगळी होते. तिथं लढाईचा खर्च भागवायला कागद छापला. इथं कायद्यानंच दोरी आवळून ठेवली. सुरुवातीला फक्त ४ कोटी रुपयांपर्यंतच्या नोटा सरकारी रोख्यांच्या भरवशावर काढता येत होत्या. त्यावर जेवढी नोट छापाल तेवढी चांदी तिजोरीत ठेवा. नोट म्हणजे जवळपास चांदीची पावती. तिथल्या लोकांना शंका होती ती "यामागं काही आहे का" याची. इथं चांदी होती. प्रश्न एवढाच की ती कुठं आहे.

आता जरा हिशोब करू, फोनमधला कॅल्क्युलेटर काढा. इंग्रजी काळातला चांदीचा रुपया एक तोळ्याचा, म्हणजे ११.६६ ग्रॅमचा. १ लाख रुपयांचं वजन किती? १,१६६ किलो. एक टनापेक्षा जास्त! १० लाख म्हणजे साडेअकरा टन. हे कोणी उचलायचं? एका बंडीचं काम नाही. वर दरोडेखोरांची भीती, पहाऱ्याचा खर्च, वाटेत पावसाळा.

आणि वऱ्हाडात पैसा लागतो कधी? कापूस निघाला की. दिवाळी झाली, पऱ्हाटी फुटली, वेचणी सुरू झाली, की एकदम सगळ्यांना रोख पाहिजे. वेचणाऱ्या बायांना, गाडीवानाला, गठ्ठे बांधणाऱ्याला. चार-पाच महिने चांदी मुंबईहून इकडं धावते. मग सारा भरायची वेळ येते, दुकानदारी होते, आणि ती परत गोळा होऊन तिकडं जाते. पूर आणि ओहोटी, दरवर्षी.

समजा सरकारनं म्हटलं असतं की कोणतीही नोट कोणत्याही सरकारी कचेरीत घेऊन या, रोख मिळेल. मुंबईच्या व्यापाऱ्यानं काय केलं असतं? मुंबईत चांदी भरून नोटांचं पाकीट घेतलं असतं, नोव्हेंबरात अकोल्याला येऊन टेबलावर ठेवलं असतं आणि म्हटलं असतं, काढा रुपये. एक टन चांदी पावणेसहाशे-सहाशे किलोमीटर आणायचा खर्च कोणाच्या माथी? सरकारच्या. आणि तीन व्यापारी एकाच दिवशी आले तर अकोल्याची तिजोरी दुपारपर्यंत साफ.

म्हणून सरकारनं देशाचे तुकडे पाडले. त्यांना म्हणत करन्सी सर्कल. मोठी सर्कलं कलकत्ता, मद्रास, मुंबई. त्यांच्या हाताखाली लहान. मुंबईच्या हाताखाली नागपूर, कराची आणि आपलं अकोला. नोटेवर तिच्या गावाचं नाव छापलेलं. नियम असा की ज्या कचेरीतून नोट निघाली तिथंच रोख मागायचा हक्क, आणि लहान सर्कलची नोट असेल तर तिच्या वरच्या मोठ्या शहरातही. म्हणजे अकोल्याची नोट अकोल्यात चालेल, मुंबईत चालेल. पण मुंबईच्या नोटेला रोख द्यायची जबाबदारी अकोल्यावर नाही. वाट एकाच बाजूची. आणि अकोल्याची नोट घेऊन अलाहाबादला किंवा कलकत्त्याला गेलात तर तो तिथं एक छान छापलेला कागद.

आता अकोलाच का? अमरावती का नाही, हे अमरावतीकरांनी मला कमेंटमध्ये विचारलंच. सरकारी फाईल माझ्याकडं नाही, म्हणून मी माझा अंदाज सांगतो. अकोला मुंबई-नागपूर रेल्वेच्या मुख्य रुळावर आहे, आणि ती लाईन १८६७ मध्ये नागपूरला पोचली. अमरावती त्या रुळावर नाही. बडनेऱ्याहून अमरावतीला फाटा आला तो १८७१ मध्ये. चांदी टनावारी हलवायची असेल तर मी पण रेल्वेजवळच तिजोरी ठेवली असती. शिवाय खामगाव जवळ, आणि खामगाव तेव्हा कापसाचं फार मोठं मार्केट. एवढं मोठं की १८७० मध्ये खामगावचा रेल्वेफाटा सुरू करायला खुद्द व्हाइसरॉय लॉर्ड मेयो आला होता. आज खामगावला जाणारी ती छोटी गाडी आपण मनावर घेत नाही.

आणि या सगळ्यामागं अमेरिका. १८६१ मध्ये तिथं यादवी सुरू झाली, दक्षिणेकडच्या राज्यांची बंदरं उत्तरेच्या आरमारानं अडवली, लँकेशायरच्या गिरण्यांना कापूस मिळेना. मग सगळ्यांना वऱ्हाड आठवलं. भाव असे चढले की मुंबईत शेअर बाजाराला वेड लागलं, समुद्र बुजवणाऱ्या कंपन्यांचे शेअर लोकांनी डोळे झाकून घेतले. १८६५ मध्ये यादवी संपली, भाव आपटले, मुंबईतल्या कंपन्या बसल्या, आणि त्या धक्क्यात १८६८ मध्ये जुनी बँक ऑफ बॉम्बेही गुंडाळावी लागली. पण तोवर चांदी वऱ्हाडात आली होती आणि कापसाचा पेरा वाढला होता. कापूस वाढला म्हणजे ज्वारी कमी. रोख पैशाची गरज वाढली आणि घरातलं कणगं लहान झालं. नोटेची तिजोरी अकोल्यात आली ती या काळाच्या पोटी.

मग ही नोट वापरत कोण होतं? इथं मला थोडं थांबायचंय, कारण खरी गोष्ट इथं आहे.

सुरुवातीला सगळ्यात लहान नोट १० रुपयांची. शेतमजुराची महिन्याची मजुरी एरवी याच्या आतच. म्हणजे ही गरिबाच्या रोजच्या वापराची चीज नव्हतीच. ५ रुपयांची नोट लोकांची मागणी आली म्हणून नंतर काढली. पण समजा एखाद्या शेतकऱ्याला कापसाच्या मोबदल्यात १० ची नोट मिळाली. गाव मेळघाटाच्या पायथ्याशी. त्याला मीठ घ्यायचंय, कापड घ्यायचंय, नोट मोडायची आहे. रोख मागायचा हक्क अकोल्यात. जाऊन-येऊन चार-पाच दिवस बंडी जुंपायची का? जवळच्या सरकारी तिजोरीत शिल्लक असली तर साहेब मेहरबानीनं मोडून देईल, पण ती मेहरबानी, हक्क नाही. मग उरला कोण? गावातला सावकार. तो म्हणणार, देतो ना, पण बट्टा लागेल.

म्हणजे नोटेनं बट्टा संपवायचा होता आणि नोटेलाच बट्टा लागला. आणि तो देणारा माणूस तोच, जो अकोल्याला जाऊ शकत नाही. व्यापाऱ्याला फरक पडत नव्हता, उलट फायदाच. त्याची नोट मुंबईतही चालत होती, हुंडणावळ वाचत होती. एकच कागद, पण एकासाठी तो सोय आणि दुसऱ्यासाठी कटौती. जवळच्या गावात बँकेची शाखा नाही म्हणून आधारचा अंगठा लावून पैसे काढताना वीस रुपये कापले जातात ना, तसंच. माझ्या डोळ्यांसमोर हे झालेलं आहे, एका म्हाताऱ्या बाईंच्या निराधार योजनेच्या पैशातून. त्या म्हणाल्या, "जाऊ दे बाप्पू, गाडीभाड्यापेक्षा बरं." दीडशे वर्षांपूर्वीचा शेतकरीही बहुतेक हेच म्हणाला असेल.

बरं, ही नोट दिसायची कशी? पहिल्या नोटांवर राणी व्हिक्टोरियाचं चित्र होतं. एकाच बाजूला छापलेल्या, मागून कोऱ्या. कागद हातानं बनवलेला, इंग्लंडच्या लॅव्हरस्टोक गिरणीतला, छपाई लंडनला. त्यांच्या नकली इतक्या निघाल्या की सरकारनं ती मालिकाच मागं घेतली आणि १८६७ पासून नवीन आणली, रंगीत नक्षीवर छापलेली. तिच्यावर चार भाषांत रक्कम, आणि कोणत्या चार ते सर्कलप्रमाणे बदलायचं. आज आपल्या नोटेच्या मागं पंधरा भाषांची जी पट्टी आहे, तिची पणजी ही.

आता विचार करा. वऱ्हाडचा कापूस बोटीनं लिव्हरपूलला. आणि त्या कापसाचे पैसे चुकते करायची नोट लंडनहून छापून बोटीनं इकडं. हे असं १९२८ पर्यंत चाललं, मग नाशिकला छापखाना निघाला. नाशिक रोडवरून रेल्वेनं जाताना बघा.

एक मस्त गोष्ट राहिली. मोठी रक्कम टपालानं पाठवायची तर लोक नोट मधोमध कापायचे! खरंच. एक अर्धी आज टाकायची. पोचल्याचं पत्र आलं की दुसरी अर्धी पाठवायची. समोरचा दोन्ही जोडून, मागून कागद चिकटवून वापरायचा. वाटेत कोणी पाकीट फोडलं तर त्याच्या हाती नुसती अर्धी नोट, काहीच कामाची नाही. आपल्याला ओटीपी येतो ना दुसऱ्या वाटेनं, तोच विचार. जुन्या नोटा जमवणाऱ्यांकडं अशा मधून जोडलेल्या नोटा अजून दिसतात. त्यातली प्रत्येक शिवण म्हणजे दोन पत्रांमधला वाट बघण्याचा काळ.

सर्कलचा प्रकार संपला तो हळूहळू. ५ रुपयांची नोट १९०३ मध्ये, १० आणि ५० ची १९१० मध्ये, १०० ची १९११ मध्ये, अशा एकेक नोटा "कुठंही रोख" झाल्या. रेल्वे आणि तार आल्यावर चांदी हलवणं सोपं झालं होतं, आणि लोकांना नोटेची सवय लागली होती. तोवर सर्कलं उरली होती सात: कलकत्ता, कानपूर, लाहोर, मुंबई, कराची, मद्रास, रंगून. त्यात अकोला नाही, नागपूरही नाही. आपली नोट त्याच्या आधीच बंद पडली होती. ५०० आणि १,००० च्या नोटा तर १९३१ पर्यंत आपल्या सर्कलला बांधलेल्या होत्या. श्रीमंतांनाही एक दिवस रांगेत उभं राहावं लागलं, एवढं समाधान.

आणि निजाम? त्याचा मुलूख, त्याच्या मुलखातल्या गावाचं नाव, पण नोट भारत सरकारची. १९०२ मध्ये इंग्रजांनी वऱ्हाड कायमच्या पट्ट्यानं घेतलं, वर्षाला २५ लाख रुपयांवर. निजामाच्या स्वतःच्या कागदी नोटा निघाल्या १९१८ मध्ये, आणि त्यांच्यावर उर्दू, तेलुगू, कन्नडसोबत मराठीही होती. त्या मराठवाड्यात चालल्या. जालन्याच्या माणसाच्या खिशात एक नोट, अकोल्याच्या माणसाच्या खिशात दुसरी, आणि दोघं बोलतात मराठीच.

अर्जेंटिनाचं काय झालं तेही सांगून टाकतो, नाहीतर मेसेज येतील. तिथं ही सवय सुटली नाही. २००१ मध्ये पैशाची टंचाई झाली तेव्हा ब्युनोस आयर्स प्रांतानं पगार द्यायला पुन्हा स्वतःचा कागद काढला, नाव पाताकोन. आणि २०२४ मध्ये ला रिओखा प्रांतानं "चाचो" नावाचा कागद काढला. केंद्राकडून पैसे येईनात म्हणून. दुकानदार घेतील की नाही, पूर्ण किंमत देतील की कापून, हाच तिथंही पहिला प्रश्न.

शेवटी एक कामाची गोष्ट. कोणाच्या वाड्यात, पेढीच्या जुन्या पेटीत, वहीच्या पुठ्ठ्यात असा एका बाजूला कोरा, मोठा, पातळ कागद सापडला आणि त्यावर अकोल्याचं नाव दिसलं, तर कृपा करून लॅमिनेट करू नका. सेलोटेपही नको. सपाट, कोरड्या कागदात ठेवा, दोन्ही बाजूंचे फोटो काढा, आणि व्हॉट्सॲपवर "लाखोंची नोट" म्हणणाऱ्या कोणालाही द्यायच्या आधी माहितगाराला दाखवा. या नोटा फारच थोड्या उरल्यात. तशा जुन्या नोटा डोळ्यांनी बघायच्या असतील तर मुंबईला फोर्टमध्ये रिझर्व्ह बँकेचं नाणे संग्रहालय आहे, तिथं जा. मी जाणार आहे, येताना बडनेऱ्याला उतरून अमरावतीकरांना चिडवणार आहे.

पुढच्या भागात पेस्तनशाही रुपया. तो भाग लांब होईल, चार्जर जवळ ठेवा.